खिचडी आमची, पुढचं त्याचं

चार बायका आणि एक मोठं पातेलं, एवढंच आमचं भगिनी मंडळ. दर बुधवारी चर्चच्या स्वयंपाकघरात मऊ खिचडी शिजवायची, स्टीलच्या डब्यांत भरायची आणि अमरावतीच्या दवाखान्यात पेशंटपाशी बसलेल्या नातेवाइकांना वाटायची. वर्षानुवर्षं हेच चाललं की पातेल्याच्या बुडाला खरवड धरावी तसे किस्से धरतात. घासायला बसलं की निघतातच! यंदा तर ही खिचडीच बंद पडायची वेळ आली होती. म्हणून म्हटलं, सांगूनच टाकावं.

* * *

शांतामावशी मूळच्या अकोल्याच्या जठारपेठेतल्या, नर्स म्हणून रिटायर झालेल्या. मंडळाचा नियम त्यांचाच. डबा हातात द्यायचा आणि पुढं व्हायचं. जात-धर्म विचारायचा नाही. कोणी म्हटलं तरच प्रार्थना करायची. आणि त्यानं खाल्लं की नाही, हे मागं वळून पाहायचं नाही. "द्यायचं काम आपलं, पुढचं त्याचं," असं म्हणून त्या वर बोट करतात.

रूथ आमच्यात सगळ्यात लहान, नुकतंच लग्न झालेली. पहिल्याच दिवशी ती वळून वळून पाहायला लागली. "मावशी, तो माणूस खातच नाही आहे. नुसता बसलाय!"

मावशी कडाडल्या, "समोर पाह्य! बायबलातल्या लोटाच्या बायकोवानी मागं पाहून मिठाचा खांब होशीन!"

* * *

मिठाचं निघालंच आहे तर हेही ऐका. एका बुधवारी रूथनं मीठ घातलं, आणि तिनं घातलं नसेल म्हणून मीही घातलं. त्या दिवशी अकोल्याहून आलेल्या एक आपा वॉर्डाबाहेर बसल्या होत्या. त्यांचा नवरा ॲडमिट होता. त्यांनी डबा घेतला आणि विचारलं, "बेटा, ये किसकी तरफ से है?"

रूथ अगदी भक्तिभावानं म्हणाली, "ऊपरवाले की तरफ से."

आपांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "तो ऊपरवाले से कहना, नमक आधा कर दे!"

* * *

आमच्यातल्या मार्था वहिनींची प्रार्थना लांब. स्ट्रेचरवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी "माझ्यासाठी करा" म्हटलं. वहिनींनी स्ट्रेचरवर हात ठेवला आणि डोळे मिटून सुरुवात केली. सृष्टीच्या उत्पत्तीपासून! मध्येच वॉर्डबॉय आला, वहिनींचा हात हळूच बाजूला केला आणि स्ट्रेचर घेऊन गेला. वहिनी चालूच!

आमेन म्हणून डोळे उघडले, तर समोर रिकामी फरशी.

आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो. वहिनी मात्र शांत. "हसता काय? देव गेला असेल तिच्याबरोबर एक्स-रेला!"

* * *

एक वकीलसाहेब होते, शहरातले जाणते गृहस्थ. वडिलांना घेऊन आले होते. आम्हाला पाहून मोठ्यानं म्हणाले, "मला माहीत आहे हे सगळं कशासाठी चाललंय. डबा देता देता धर्म बदलता लोकांचा."

मावशी थांबल्या. "वकीलसाहेब, खाऊन झाल्यावर रिकामा डबा गेटवरच्या टपरीवर ठेवा म्हणून सांगून सांगून तोंड दुखलं आमचं. लोक डबा वापस देऊन नाही राहिले, धर्म कुठून देतीन वो!"

वकीलसाहेब हसले. डबा घेतला.

तोही वापस आला नाही.

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही, पण आमचाच आहे.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत वॉर्डात एक लहान मुलगी होती. तिच्या आईनं माझा हात धरला, "बाई, काहीतरी करा." मी नवस करणारी बाई. तिथल्या तिथं बोलले, ईस्टरपर्यंत चहा सोडला. माझ्यासाठी चहा म्हणजे काय, ते माझ्या घरच्यांना विचारा!

पुढच्या बुधवारी गेले तर कॉट रिकामी. मुलीचे वडील जिन्यात बसले होते. मी डबा पुढं केला. त्यांनी तो फेकला. खिचडी जिनाभर. "सांगा तुमच्या देवाला," म्हणाले, "बहिरा आहे तो."

मी बसून जिना पुसला. रडत पुसला. पुसून झाल्यावर दुसरा डबा त्यांच्याजवळ ठेवला आणि पुढच्या वॉर्डात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी नेहमीसारखा चहाचा कप समोर ठेवला. हळूच म्हणाले, "मूल तर गेलं. आता कशाला अडून बसतेस?"

मी कप त्यांच्याकडं सरकवला. "नवस बोलले होते मी. सौदा नव्हता केला."

* * *

आता साळवे सर. आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी. बँकेतून रिटायर झालेले. त्यांना प्रत्येक गोष्टीचा रिझल्ट लागतो. मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "या खिचडीमुळं रविवारी चर्चमध्ये एक तरी नवा माणूस आला का? एक? मग रिझल्ट काय? ईस्टरनंतर स्वयंपाकघर बंद. जागा दुसऱ्या कामाला येईल."

मावशी खुर्चीतून उठल्या.

"सर, तुमचा पोरगा किती वर्षं झाले चर्चमध्ये नाही आला. मग घरी तुमच्या मिसेसनं काय त्याले जेवाले देनं बंद केलं?"

सर खाली बसले. पण ठराव पास झाला!

* * *

ईस्टरनंतरच्या बुधवारी स्वयंपाकघराला कुलूप. आम्ही कंपाउंडमध्ये तीन विटा मांडल्या, घरून लाकडं आणली आणि चूल पेटवली. धूर थेट ऑफिसच्या खिडकीत. साळवे सर खोकत बाहेर आले.

"कोणाच्या परवानगीनं चाललंय हे?"

मावशींनी चुलीवरच्या धुराकडं बोट केलं. "ज्यानं द्यायची त्याच्याकडंच अर्ज चालला वरती. तुमी मधात नका येऊ."

डबे भरले, तेवढ्यात डबे नेणाऱ्या ऑटोवाल्याचा फोन आला, टायर पंक्चर. सरांचं बोलणं चालूच होतं, "तुमचा हट्ट, तुमची मनमानी..." मावशींनी पिशव्या उचलल्या. "सर, राहिलेलं गाडीत बोला. खिचडी थंडी होऊन राहिली. डिक्की उघडा!"

आणि सरांनी डिक्की उघडली! दवाखान्यापर्यंत बोलत होते. तिथं डबे जास्त आणि हात कमी, म्हणून मावशींनी चार डबे त्यांच्या हातात दिले.

वॉर्डाबाहेर जमिनीवर वलगावकडचा एक माणूस बसला होता. सरांच्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहत म्हणाला, "साहेब, खरं सांगा. हे वाटून तुमाले काय भेटते?"

आम्ही चौघी जागच्या जागी थांबलो.

सरांनी आमच्याकडं पाहिलं. आमच्यातल्या एकीनंही मदत केली नाही. मग सर गुडघे टेकून त्या माणसासमोर बसले आणि डबा पुढं केला.

"हात सांभाळा," म्हणाले, "गरम आहे."