गडावरचा समाधानी शेतकरी मेळावा

ज्या वर्षी आमच्या भागातल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गुलाबी अळी शिरली, त्याच वर्षी एका बियाणे कंपनीला अचानक इतिहासाचं प्रेम जडलं. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं तिच्या पाकिटावर छापलेलं होतं. अळीला वाचता येत नसल्यामुळे ती लागली. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक दिसायचं. फोडलं की आत पिवळी पडलेली कवडी, म्हणजे न फुलता आखडलेला कापूस, आणि तिच्यात अंग चोरून बसलेली अळी. लोकांनी तालुक्याला तक्रारी दिल्या. कंपनीने त्या फार मनावर घेतल्या आणि तक्रार देणाऱ्यांसाठी एक सहल काढली. नाव होतं, ‘ऐतिहासिक वारसा व प्रगतिशील शेती अभ्यास दौरा’.

मी तेव्हा वडनेर भोलजीच्या बाजूच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो आणि नांदुऱ्याहून रोज येऊन-जाऊन करत होतो. कंपनीचा प्रतिनिधी एका दुपारी शाळेत आला. नाशिककडचा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, गळ्यात टाय. आमच्याकडे टाय लग्नात नवरदेव घालतो, तोही फोटोपुरता. त्यामुळे मुलं खिडकीत जमली.

“सर, सातपुड्यातला तो जुना गड आहे ना, तिथे नेणार आहोत सगळ्यांना,” तो म्हणाला. “माहिती सांगायला तज्ज्ञ व्यक्ती हवी. सगळ्यांनी तुमचं नाव सुचवलं.”

सगळ्यांनी म्हणजे कोणी, हे मी विचारलं नाही. तज्ज्ञ म्हटल्यावर माणूस असले प्रश्न विचारत नाही. त्या गडावर मी जन्मात पाऊल ठेवलेलं नव्हतं, हेही सांगायचं राहून गेलं. शाळेच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकात गडाबद्दल दीड ओळ सापडली. उरलेला गड मी घरी बसून बांधला. सात दरवाजे, एक भुयार आणि शत्रूच्या हाती लागू नये म्हणून स्वतःला टाक्यात झोकून देणारी एक राणी. राणीशिवाय आमच्या लोकांचं समाधान होत नाही.

सहलीच्या सकाळी नांदुऱ्याच्या स्टँडबाहेर बस उभी होती. पंचवीसेक शेतकरी, सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीच्या पिवळ्या टोप्या. त्यांत बाई एकच, पन्नाशीच्या आसपासची. तिचे मालक नांदुऱ्यात शिलाईचं काम करायचे आणि शेती ही बघायची. सातबाऱ्यावरही नाव तिचंच होतं. सारी बस तिला चाची म्हणत होती, म्हणून मीही म्हणू लागलो. तिने टोपी घेतली आणि घडी घालून शेजाऱ्याला दिली. मांडीवर शर्टांच्या उरलेल्या कापडांची, चौकडी-चौकडी जोडून शिवलेली मोठी पिशवी होती.

“चाची, डबा कायले आणला? जेवण कंपनीकडूनच हाये,” शेजारी म्हणाला.

“डबा नाई बाप्पा. सायबाले दाखवाचं हाये जरासं,” ती म्हणाली.

जळगाव जामोद ओलांडून बस सातपुड्याच्या पायथ्याशी लागेपर्यंत प्रतिनिधीने माईकवरून आम्हाला कंपनीचा इतिहास सांगितला. त्यातही भुयारं बरीच होती. चाची मधेच उठली, बसचा दांडा धरून त्याच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, “साहेब, बोंडं आनले मी वावरातले. पाह्यता का जरा?”

“काकू, आज शेतीचं टेन्शन नाही घ्यायचं,” तो हसून म्हणाला. “आज एन्जॉय करायचं.”

अभ्यास दौऱ्याचा अभ्यास तिथेच आटोपला. चाची परत जागेवर येऊन बसली. ती चिडलेली दिसली नाही. ती मोजक्या शब्दांत पुढच्या-मागच्या सीटवरच्यांशी काहीतरी बोलत राहिली.

गड चढायला तासभर लागला. वाट सागाच्या पाचोळ्यातून होती. वर पोचलो आणि मी दरवाजे शोधू लागलो. सात दरवाजे सोडा, धड एकही नव्हता. अर्धी कमान, तिला टेकून उभं असलेलं उंबराचं झाड, थोडी तटबंदी आणि खडकात खोदलेली दोन-तीन टाकी. एका टाक्यात गुडघाभर हिरवं पाणी होतं. राणीला त्यात जीव द्यायचा तर बराच वेळ आडवं पडून राहावं लागलं असतं. पण मी माघार घेतली नाही. छाती काढून सांगितलं, की बाकीचे सहा दरवाजे काळाच्या ओघात गडप झाले. लोकांनी माना डोलावल्या. पाकिटावरचं ऐकून घेण्याची त्यांना सवय होती, माझं त्यापुढे काहीच नव्हतं.

एका म्हाताऱ्याने तेवढं विचारलं, “दरवाजे जाऊ द्या सर, पन त्याचे दगड कुठीसा गेले?”

मी त्याला जेवणाची वेळ झाल्याचं सांगितलं.

जेवणाआधी फोटो होता. खरं तर सहल फोटोसाठीच होती. प्रतिनिधीने कमानीवर बॅनर बांधून घेतला: ‘विश्वासाचा अभेद्य गड, समाधानी शेतकरी मेळावा’. अर्ध्या कमानीवर अभेद्य हा शब्द नीट मावत नव्हता, तो दुमडावा लागला. फोटोग्राफर खामगावहून आणलेला होता. माणसं दोन रांगांत उभी राहिली, तज्ज्ञ म्हणून मला मधोमध घेतलं. तेवढ्यात चाचीने पिशवी उघडली आणि एकेकाच्या हातात बोंड द्यायला सुरुवात केली. मलाही एक मिळालं. बाकीच्यांनी उकललं तसं मीही ते दाबून पाहिलं, पाकळ्या उकलल्या. आत कवडी होती आणि अळी जिवंत होती.

“हे काय?” प्रतिनिधीने जवळ येत विचारलं.

“बोंडं हायेत साहेब. तुमच्याच बियान्याचे,” चाची म्हणाली.

“अरे वा, फारच छान कल्पना,” तो म्हणाला. “उंच धरा सगळ्यांनी. उकललेली बाजू कॅमेऱ्याकडे करा. काकू, तुम्ही पुढे या.”

चाची पुढे आली. पंचवीस हात वर गेले. मीही हात वर केला. मला सगळं दिसत होतं, समजत होतं आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. आधी वाटलं, चांगली गंमत झाली. मग वाटलं, हा पोरगा मला पुढच्या वर्षी बोलावणार नाही. या क्रमाने वाटलं, हे लिहायला आज बरं वाटत नाही.

नंतर मसालेभात आणि जिलेबी खाऊन आम्ही उतरलो.

कंपनीने तो फोटो आपल्या कॅलेंडरवर छापला. चकचकीत जाड कागद, छपाई इतकी सुंदर की उकललेल्या बोंडांतल्या अळ्या मोजून घ्याव्यात. खाली प्रतिनिधीचा हसरा चेहरा आणि दौऱ्याची तारीख. कंपनीने ते जिल्हाभर फुकट वाटलं. आमच्या घरीही ते स्वयंपाकघरात लागलं होतं, दुधाचा हिशेब लिहायला.

चाची आणि आणखी काही जणांनी पुढे बुलढाण्याला ग्राहक मंचात दावा लावला. कंपनीने लेखी उत्तर दिलं, की हंगामात एकाही शेतकऱ्याने किडकी बोंडं आमच्या माणसाच्या नजरेस आणून दिलेली नाहीत; शिवाय पाकिटासोबत दिलेलं साधं, बीटी नसलेलं बियाणं अळीला वेगळं खाद्य म्हणून कडेने लावलं नाही, ही चूक शेतकऱ्यांचीच. चाचीने पिशवीतून कॅलेंडर काढून आपल्या वकिलाच्या टेबलावर ठेवलं. मग त्यांना फोटोतला, पण दाव्यात नसलेला एक साक्षीदार हवा झाला. चाची शाळेत आली.

“सर, तुमी बोंड उकलून पाह्यलं व्हतं. मी पाह्यलं तुमाले पाह्यताना,” ती म्हणाली. “तेवढं सांगसान?”

मी शाळेचं काम, परीक्षा, तब्येत अशी कारणं सांगून पाहिली. तिने सगळी शांतपणे ऐकली आणि म्हणाली, “मंग कवा जाचं?”

सुनावणीला कंपनीचा वकील तयारी करून आला होता. त्याने फोटोला हातच लावला नाही, मला धरलं.

“आपण इतिहासाचे शिक्षक. त्या दिवशी आपण लोकांना सांगितलंत, की गडाला सात दरवाजे होते?”

“हो.”

“आहेत किती?”

“एक. तोही अर्धा.”

“आणि राणीची गोष्ट? तिला काही आधार?”

मागच्या बाकावर गडावर माझ्याबरोबर असलेले सात-आठजण बसले होते. “आधार नाही,” मी म्हणालो. “ती मी रचली.”

“म्हणजे आपण लोकांसमोर धडधडीत खोटं बोलता. मग बोंडं किडकी होती, हेही रचलेलंच कशावरून नाही?”

“दरवाजे मी पाहिले नव्हते,” मी म्हणालो. “बोंड पाहिलं होतं. त्यात अळी होती, आणि तुमचे साहेब माझ्यापासून चार हातांवर उभे होते. त्यांनीच उकललेली बाजू कॅमेऱ्याकडे करायला सांगितली.”

वकील कागद आवरून खाली बसला. बाहेर आल्यावर दगडांचं विचारणारा म्हातारा माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा राणीवरून बोलणार. तो म्हणाला, “मले ठाऊकच व्हतं सर, दगड कुठीसा गेले ते. आमच्या गावचा जुना पार त्याच दगडाचा हाये.” मग त्याने मला चहा पाजला.

निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. कंपनी अपिलात गेली, तिथेही हरली. पुढच्या वर्षीपासून तिने कॅलेंडरवर फक्त देवांचे फोटो छापायला सुरुवात केली. देव हातात काय धरतात हे आधीपासून ठरलेलं असतं. प्रतिनिधीची बदली झाल्याचं कळलं. माझे वर्गातले तास मात्र लवकर संपू लागले. जे ठाऊक नाही ते सांगायचं नाही असं ठरवल्यावर मोगलांना पंधरा मिनिटं पुरतात, हे माझ्या लक्षात आलं. मुलांनी तक्रार केली नाही.

मिळालेल्या भरपाईतून चाचीने वावराला तारेचं कुंपण घातलं, रानडुकरांसाठी. मृगात मी सायकलवरून जाताना ती धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी दिसली. थांबून विचारलं, या साली काय पेरलं.

“अर्ध्यात तूर हाये,” ती म्हणाली.

“आणि अर्ध्यात?”

“कपाशी.”

“तेच बियाणं?”

“दुसरं काय भेटते दुकानात?” चाची म्हणाली, आणि मी पाणी पिणार का, असं विचारून घागरीकडे वळली.