डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं

बायको जाऊन दोन वर्षं झाली. लग्नानंतर बरीच वर्षं दवाखान्यात तिचं दुखणं मीच सांगायचो. आमच्याकडं रीतच तशी.

तिचं ओटीपोट दहा वर्षं दुखत होतं. पाळीत दुखायचं, पाळी नसली तरी दुखायचं. डॉक्टरपुढं ती मान खाली घालायची आणि मी सांगायचो, पोट दुखतंय, तिखट लई खाती. मग पित्ताच्या गोळ्या. तिनं तिखट सोडलं, दुखणं काय तिला सोडंना. शेवटी एका डॉक्टरानं गर्भपिशवीच काढा म्हणून सांगितलं. ती तेव्हा बत्तीस वर्षांची. मी व्हय म्हणून मोकळा झालो. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, कोल्हापुरात एक डॉक्टरीणबाई हाय, तिला दाखवायचं, मगच काय ते.

गेलो. पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. डॉक्टरीणबाई विचारत गेल्या, मी धडाधड उत्तरं देत गेलो. किती वर्षं? दहा. शौचाला दुखतं? छे. मग त्यांनी विचारलं, नवरा-बायकोच्या संबंधाच्या वेळी दुखतं का?

"न्हाय बा, मला कवाच दुखलं न्हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी त्यांना विचारतेय. तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेर बाकावर सगळ्या पोटुशा बायका, पुरुष मी एकटा. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, पावणं, मालकिणीला कितवा म्हैना? मी म्हणालो, दहावं वरीस. ती जरा लांब सरकून बसली.

अर्धा तास झाला. घरात दोन शब्द न बोलणारी ही आत एवढं काय सांगतेय? आधी राग आला, मग भ्या वाटलं. आत बोलावलं तेव्हा तिचे डोळे लाल. शौचाला, संबंधाला, सगळ्याला दुखत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी पिशवीच्या बाहेर वाढलं असावं. दुर्बिणीतनं बघू, सापडलं तर तिथंच जाळू, मग गोळ्या. पिशवी काढायची घाई नको.

"तुमचं काय म्हणणं?"

मी तोंड उघडलं. दोघींनी माझ्याकडं बघितलं. मी मिटलं.

"दुर्बीण घाला. पिशवी ऱ्हाऊ दे," बायको म्हणाली.

परतताना एस्टीत मी विचारलं, मला कधी का सांगितलं न्हाईस?

"तुमीच सगळं डॉक्टरला सांगत हुता. म्हटलं, तुमाला ठावंच असंल."

दुर्बिणीत तेच निघालं. दुखणं सगळं गेलं नाही, पण महिन्यात दोन-तीन दिवसांवर आलं. त्या दिवसांत ती सकाळीच सांगायची, आज दुखतंय, आणि भाकरी मी थापायचो. भाकरी कसल्या, नकाशेच. पोट धरून पडलेली असायची, तरी बघून हसायची.