सकाळच्या उन्हातली भिंत

मला कुठेही गेलं की स्वस्थ बसवत नाही. दोन दिवसांची सुट्टी मिळाली की तिच्यात चार दिवस कोंबायचे, हा माझा स्वभाव. तंजावरला निघताना वहीच्या पानावर मी वेळापत्रकच लिहिलं होतं: राजवाडा, त्याचा उंच मनोरा, ग्रंथालयातल्या जुन्या पोथ्या, ब्राँझच्या मूर्ती, मान डोलावणाऱ्या बाहुल्या, सोन्याचा वर्ख लावलेली चित्रं, तिरुवैयारूला कावेरीचा घाट. मोठं देऊळ मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ताटातला आवडीचा घास मी शेवटीच खाते.

बाबांच्या यादीत मात्र एकच गोष्ट होती. त्या देवळाच्या आवाराच्या भिंतीवर मराठी राजांनी कोरवून घेतलेला लांबच लांब शिलालेख आहे. मराठीत, देवनागरीत. बाबा इतिहासाचे मास्तर. जन्मभर वर्गात त्या लेखाविषयी सांगत आले, पण पाहिला कधी नव्हता. आता त्यांना काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार दिवस टिकायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तर ही सहल.

"मला सकाळी सातला तिथे ने," बाबा गाडीतच म्हणाले होते. "कोवळ्या उन्हात मला अजून अक्षर लागतं. दुपारनंतर सगळं धुरकट होतं."

"हो बाबा, नेते ना!" मी म्हटलं.

पहिल्या दिवशी पोचायलाच नऊ वाजले. तो दिवस राजवाड्यात गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना रिक्षात घालून तिरुवैयारूला नेलं, कारण नदी सकाळीच बघावी असं मला कुणीतरी सांगितलं होतं. बाबा घाटाच्या पायरीवर बसून राहिले. मी फोटो काढले. परतताना बाहुल्यांचं दुकान दिसलं. तिथून चित्रांचं. बाबांना दुकानदाराने स्टूल दिलं होतं. "झालं का गं?" त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "पाच मिनिटं" म्हटलं.

देवळाच्या दाराशी पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते आणि रखवालदार लोकांना बाहेर काढत होता. त्याने माझ्या तोंडासमोर चार बोटं धरली. "नालु मणी, नालु मणी!" म्हणजे आता चार वाजता या. मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे देवळात दुपारी जा, तिपारी जा, दार उघडंच. तिकडे देव दुपारी विश्रांती घेतात आणि दारं लागतात, हे तमिळ मुलखातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी एवढं वेळापत्रक लिहिलं, त्यात हीच एक वेळ विचारली नव्हती. वर मीच रखवालदारावर मराठीत तोंडसुख घेतलं. "अहो, पण आधी सांगायचं ना! पाटी तरी मोठी लावा!"

"पाटी आहे. तमिळमध्ये आहे," मागून कुणीतरी म्हणालं. छत्री घेतलेली, साठीची एक बाई हसत उभी होती. "मराठी काय तुम्ही? आम्हीही मराठीच. ऊन फार आहे. आमचे घरी या, चार वाजता मी आणून सोडते."

सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या या बाई राजवाड्यामागच्या गल्लीत, एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत होत्या. त्यांचं बोलणं ऐकताना गंमत वाटे. शब्द जुने, हेल तमिळ. त्यांनी दहीभात आणि उडदाच्या पिठाचं डांगर वाढलं. "अरे वा, डांगर!" बाबा खूश झाले. मला मात्र घास गिळवेना. मी दर दहा मिनिटांनी उठून खिडकीशी जात होते. साडेसहाची गाडी होती. उन्हं कलत होती.

"बसा हो ताई," बाई म्हणाल्या. "फेऱ्या घालून देऊळ लवकर उघडत नाही."

बाबा शिलालेखाविषयी बोलू लागले, तेव्हा त्या जरा ओशाळल्या. "लहानपणापासून बघते मी तो. आमचे राजांचा, एवढं ठाऊक. वाचता कोठे येतं? आम्ही घरात मराठी बोलतो, शाळेत तमिळ शिकलो."

"मग चला," बाबा म्हणाले. "आज मी तुम्हाला वाचून दाखवतो."

मी पुन्हा खिडकीशी जाऊन ऊन पाहिलं.

चार वाजता आम्ही सगळ्यांत आधी आत शिरलो. तापलेल्या दगडावर पाय भाजत होते. नैऋत्य कोपऱ्यात, ओवरीतल्या भिंतीवर ओळींवर ओळी, जमिनीपासून डोक्यावरपर्यंत. पण भिंतीचं तोंड पूर्वेकडे. सकाळी तिच्यावर थेट ऊन येत असणार. आता सूर्य तिच्या पाठीमागे होता आणि ओवरीत सावली दाटली होती.

बाबा भिंतीला नाक लावून उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बाई हात जोडून ऐकायला थांबल्या होत्या.

"नाही लागत," बाबा म्हणाले.

मी मोबाईलचा टॉर्च लावला. दगड चमकला, आणि ते आणखीच मागे सरले. मला रडू फुटलं. "बाबा, चुकलं माझं."

"हो, चुकलंच," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आता तू वाच. मोठ्याने."

मी वाचू लागले. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. शब्द एकमेकांना चिकटलेले, अर्ध्यांचा अर्थ कळेना. मी अडले की बाई पुढे होत. "हे आम्ही अजून बोलतो," म्हणत आणि अर्थ सांगत. एकदा तर त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माझे आईचा शब्द हा," त्या म्हणाल्या. बाबा मान हलवत ऐकत होते. पण माझं एक लक्ष घड्याळाकडे. सव्वापाच झाले, तशी मी वेग वाढवला. मग, देवा शपथ, एक ओळ सोडून पुढे गेले.

"एक ओळ गाळलीस," बाबा म्हणाले.

मी मागे जाऊन ती वाचली. तरी सगळा लेख काही झाला नाही. निम्माही वाचून व्हायच्या आत आम्ही निघालो. अति घाई करून गाडी मात्र वेळेवर पकडली. डब्यात बाहुल्यांचं खोकं माझ्या मांडीवर होतं.

त्याला आता दोन वर्षं झाली. बाबांना आता उजेड आणि काळोख एवढंच कळतं. मागच्या महिन्यात त्यांचे दोन जुने विद्यार्थी भेटायला आले. दोघेही पन्नाशीचे. एकाने विचारलं, "सर, तंजावरचा तो शिलालेख! शेवटी वाचलात ना?"

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आता सगळं सांगतील असं वाटलं. वर्गात कुणी खोटं बोललं तर दिवसभर उभं करणारे माझे वडील.

"वाचला की," बाबा म्हणाले. "पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. सकाळी सातला नेलं होतं हिने. काय सुंदर ऊन पडलं होतं भिंतीवर!"

आणि ते माझ्याकडे बघून हसले. म्हणजे, मी जिथे असेन असं त्यांना वाटलं, तिकडे बघून. मी तिथे नव्हते. मी चार पावलं टाकली आणि त्यांच्या नजरेसमोर जाऊन उभी राहिले.