समितीसाठी ठेवलेला साबण

आमच्या सरकारी कॉलेजात मुलींच्या बाथरूमला कायम कुलूप. पाणी नाही म्हणे! पेणकरपाड्याला घरी पोचेपर्यंत मी रोज लघवी दाबून धरायचे. मग तपासणीला समिती येणार म्हटल्यावर कुलूप निघालं, नळ वाहायला लागला, बेसिनवर गुलाबी साबणसुद्धा आला. आम्हा मुलींना नऊवारी नेसवून, ओवाळायला तबक देऊन दारात उभं केलं. समितीला बाथरूम दाखवत मॅडम म्हणाल्या, "मुलींच्या सोयीत आम्ही तडजोड करत नाही." शिसारी आली मला.

कॉलेजला वरचा दर्जा मिळाला, वर्गात पेढे वाटले. चिकट हात धुवायला गेले, तर पुन्हा कुलूप! तशीच स्टाफरूमच्या बेसिनपाशी गेले. गुलाबी साबण तिथे होता. मॅडम हात पुसत म्हणाल्या, "हे स्टाफसाठी आहे."