फॉर्ममधली तानूबाई

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, पण खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. माझे पप्पा उद्यमनगरात मशिन शॉप चालवतात. जे मायक्रोमीटरने मोजता येत नाही, ते आमच्या घरात धरलंच जात नाही. अमावस्येला नवी गाडी घरी आणणारे गल्लीत आम्हीच. मीही तशीच आहे, म्हणून तर हे लिहायला दोन वर्षं लागली... आणि आजही कुणी नीट समजावून सांगितलं की बाई, त्याचं हे हे कारण, तर मला हवंच आहे. एक नाव सोडून बाकी सगळी नावं बदलली आहेत.

नीटची परीक्षा दोनदा देऊनही माझे मार्क सरकारी कॉलेजच्या अलीकडेच राहिले. मग पप्पांनी पुण्यातले एक काउन्सेलर शोधले. ते व्हिडिओ कॉलवर म्हणाले, आयर्लंडच्या एका मेडिकल कॉलेजला फॉर्म भरूया, पण तिकडे नुसते मार्क बघत नाहीत. पेशंटजवळ बसलाय का, कुणाची सेवा केलीय का, त्यातून काय शिकलात, हे सगळं दाखवावं लागतं. "शंभर तास तरी करा, आणि एक चांगला किस्सा गाठीला ठेवा. किस्सा असला की स्टेटमेंट उभं राहतं." स्टेटमेंट म्हणजे मला डॉक्टर का व्हायचंय यावर स्वतः लिहायचं एक पान.

म्हणून मी कळंब्याच्या पुढे एका शुश्रूषा केंद्रात जायला लागले. ऑपरेशननंतरचे, अर्धांगवायूचे, घरी कुणी बघायला नसलेले असे पंचवीसेक पेशंट होते. कुणाला भरवायचं, कुणाला पेपर वाचून दाखवायचा, केस विंचरायचे. जाधव सिस्टर वहीवर तासांची सही द्यायच्या.

सानिया माझी अकरावीपासूनची मैत्रीण. तिच्या अब्बांचं लक्ष्मीपुरीत मोटार रिवायंडिंगचं दुकान. तिलाही तेच कॉलेज हवं होतं, स्कॉलरशिपवर. या केंद्राबद्दल तिला मीच सांगितलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे कित्येक रात्री मी हेच घोकत होते... मीच सांगितलं, मीच आणलं.

आठवड्याभरात सानिया तिथली होऊन गेली. कुणाच्या म्हशीचं नाव काय, कुणाची सून माहेरी गेलीय, कुणाला चहात साखर चोरून हवी असते, सगळं तिला पाठ. ती दारात आली की बायका उशीवरनं माना उचलायच्या. मी दारात आले की विचारायच्या, "सानिया न्हाय आली व्हय?"

एक वस्ताद होते, पूर्वी तालमीत पोरांना शिकवायचे. उजवी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. एका दुपारी मी त्यांना लापशी भरवत होते. तिसऱ्या घासाला त्यांनी ती टॉवेलवर थुंकली.

"काय झालं? गरम आहे का?" मी विचारलं.

"गरम न्हाय. तू घड्याळाकडं बघत भरवतीस पोरी. माझ्या नरड्याखाली जाईना." आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं ओरडले, "सानियाला बोलवा की!"

सानिया आली. माझ्या हातातली वाटी तिने अगदी हळू घेतली, मला वाईट वाटू नये अशी. ते जास्त लागलं. वस्तादांनी वाटी चाटूनपुसून संपवली.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात गेलेच नाही. घरी लॅपटॉप उघडला आणि दुपारी जेवणाच्या आधी स्टेटमेंट लिहून काढलं. सानियाकडे खरे किस्से होते, माझ्याकडे एकही नव्हता. मग मी एक पेशंट तयार केली. नाव तानूबाई. गाव शिरोळकडचं, कारण तिथल्या पुराचे फोटो मी पेपरात पाहिले होते आणि परदेशातल्या माणसाला पूर लगेच कळतो. ऊस तोडताना कोयता लागून डाव्या हाताची करंगळी अर्धी गेलेली. पुरात घर गेलं, तेव्हा हाताला लागला तेवढा एक पितळी चमचा तिने वाचवला, आणि आता ती त्याच चमच्याने खाते... तेही फक्त माझ्या हातून. एकविसाव्या दिवशी सकाळी शेवटचा चमचा घेऊन ती माझ्याकडे बघते, "तू चांगली डॉक्टर होशील, बाळ," म्हणते आणि डोळे मिटते.

हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं. वाचलं फक्त काउन्सेलरनी. "व्हेरी मूव्हिंग," म्हणाले. फॉर्म गेला.

त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, केंद्राच्या दारात एक गाडी थांबली. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या एका आजींना पुतण्या घेऊन आला होता. मी आणि सानिया चादर बदलत होतो. जाधव सिस्टर केसपेपर वाचत म्हणाल्या, "तानूबाई. वय पंच्याहत्तर. तालुका शिरोळ."

मला हसूच आलं. म्हटलं, त्या पिढीत तानूबाई काय कमी आहेत? मग आजींना कॉटवर घेताना त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला. करंगळी पेरापासून नव्हती. तरी मी स्वतःला समजावलं, शिरोळकडे ऊस तोडणाऱ्यांत अशी बोटं असतातच की. पुतण्याने कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. लुगडी, कुंकवाची डबी, आणि पितळी चमचा.

"हा कशाला आणलाय? इथं चमचे आहेत," मी विचारलं.

पुतण्या म्हणाला, "आत्या दुसऱ्या चमच्यानं खात न्हाय ताई. पुरात घरातलं समदं गेलं, ह्यो तेवढा पदराला बांधलेला हुता."

सानिया नेहमीसारखी पुढे झाली, कॉटवर टेकून म्हणाली, "आजी, चहा देऊ का?" आजींनी तिला हाताने बाजूला केलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तू न्हवं. ती. आलीस व्हय गं? किती वाट बघायची मानसानं?"

आता खोटं कशाला सांगू. भीती नंतर वाटली, आधी आनंद झाला. सानियाचा चेहरा उतरलेला मी बघितला आणि छातीत काहीतरी गोड पसरलं. सगळ्या वॉर्डसमोर, वस्तादांसमोर, कुणीतरी तिला सोडून मला मागितलं होतं. मी चहा आणला आणि त्या चमच्याने पाजला. मी तोंडभर हसत होते.

दोन दिवसांनी, जवळपास कुणी नाही बघून मी विचारलं, "आजी, तुम्ही मला ओळखता?"

"न वळकायला काय झालं? रोज तूच भरवत हुतीस न्हवं."

"कुठं?"

"हितंच." आणि त्यांनी तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी.

जाधव सिस्टरना म्हटलं, आजी म्हणतात की त्या मला आधीपासून ओळखतात. त्या म्हणाल्या, "अगं, भूल दिल्यावर म्हातारी माणसं अशी घोटाळतात. चार दिवसांत ताळ्यावर येतील." पटण्यासारखं होतं. पण आजी बाकी सगळ्या बाबतीत ताळ्यावरच होत्या. पुतण्याचा मोबाईल नंबर तोंडपाठ, शेजारच्या कॉटवरची बाई किती वेळा खोकली तेही सांगायच्या.

पहिले आठ-दहा दिवस मी रोज मिरवत गेले. सानिया दारातून बघायची. एकदा तिने भाकरी दुधात कुस्करून आणली, आजींनी तोंड मिटून घेतलं, आणि मी तिच्या हातातली वाटी घेतली. अगदी हळू, तिने माझ्या हातातली घेतली होती तशीच.

मग एका सकाळी वहीत तास लिहिताना दिवस मोजले. चौदा. एकविसाव्या दिवशी मी काय लिहिलं होतं, ते आठवलं आणि पेन खाली ठेवलं.

पुढचा आठवडा कसा गेला, सांगता येत नाही. आजींची तब्येत सुधारत होती, काठीवर वजन टाकायला लागल्या होत्या. मी मात्र सिस्टरना रोज त्यांचं बीपी विचारायचे. लॅपटॉप उघडून तो परिच्छेद खोडावासा वाटे, पण घरच्या कॉपीत खोडून काय होणार? फॉर्म तर गेलेला. मम्मीला सांगितलं असतं, तर तिने मला झोपेची गोळी दिली असती.

एकविसाव्या दिवशी मी घरीच राहिले. डोकं दुखतंय म्हटलं. मी शेवटचा चमचा दिलाच नाही तर पुढचं होणार नाही, असा माझा हिशेब... मायक्रोमीटरवाल्या घरातली मी! साडेनऊला सानियाचा फोन.

"कुठं हायस? आजी पाणीसुद्धा घेईनात. सकाळपासून दाराकडं बघत बसल्यात. ये की गं."

"तू भरव ना."

"माझ्याकडनं घेत असत्या, तर तुला फोन केला असता व्हय?" ती चिडून म्हणाली आणि ठेवून दिला.

गेले. आजी उशीला टेकून बसल्या होत्या, स्वच्छ ऊन तोंडावर. सानियाने रव्याची खीर वाटीत काढून ठेवलेली. मी एकेक चमचा भरवत गेले. वाटीचा तळ दिसायला लागला तसा माझा वेग कमी झाला. शेवटचा चमचा भरला आणि हात तिथेच थांबला.

आजींनी तो चमचा माझ्या हातातून काढून घेतला. स्वतःच खीर खाल्ली, पदराने तोंड पुसलं, आणि माझ्या कानाशी वाकून, आम्हा दोघींनाच ऐकू येईल असं म्हणाल्या,

"ते मी म्हननार न्हाय. आनि मरनार बी न्हाय. तुझं तू बघ."

बाहेर पायरीवर येऊन बसले तेव्हा सानियाने पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे न बघताच आत गेली.

त्याच संध्याकाळी मी काउन्सेलरना फोन करून सांगितलं, स्टेटमेंटमधला किस्सा खोटा आहे, कॉलेजला कळवायचंय. ते वैतागले. "मॅडम, सगळेच थोडं रंगवतात!" मी कॉलेजला स्वतः मेल केला. आठवड्याने दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं आणि माझा फॉर्म तिथेच संपला. पप्पा महिनाभर बोलले नाहीत. तानूबाई आजी त्याच सुमारास वॉकर धरून आपल्या पायांनी गाडीत बसून गावी गेल्या. जाताना माझ्याशी वेगळं असं काहीच बोलल्या नाहीत.

सानियाला स्कॉलरशिप मिळाली. जायच्या आधी आम्ही रंकाळ्यावर भेळ खायला गेलो, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. खोट्या पेशंटपासून शेवटपर्यंत. मला वाटलं हसेल, नाहीतर घाबरेल. ती भेळेचा कागद चुरगाळत म्हणाली,

"त्या दिवसांत मी घरी जाऊन रडत हुतो, म्हाईत हाय? अम्मीला विचारायचो, मधुरात असं काय हाय, जे माझ्यात न्हाय?"

मी आता इथेच फिजिओथेरपी करतेय. सानियाचे पांढऱ्या कोटातले फोटो येतात. मी लाइक करते, मग फोन पालथा ठेवते.

गेल्या महिन्यात धीर करून तानूबाईंच्या पुतण्याला फोन लावला. आत्या ठणठणीत आहे म्हणाला. मी म्हटलं, त्यांना एकदा विचाराल का, मधुराची आठवण येते का म्हणून? त्याने फोन न ठेवताच हाक मारली. लांबून आजींचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. तो परत फोनवर आला, जरा ओशाळलेला.

"ताई, आत्या म्हनती, मधुरा कोन ते ध्यानात येईना. तिथं सानिया म्हनून एक पोरगी हुती, लई गुनाची. तीच रोज भरवायची म्हनती."

वय झालंय, विसरल्या असतील. सिस्टरही असंच म्हणाल्या. पण माझ्या लॅपटॉपमधलं इंग्रजी वाक्य त्या अक्षरओळख नसलेल्या बाईला कसं कळलं, ते मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही. आणि तो फोन ठेवल्यावर मला भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. सानियाचाच राग आला... परत.