पाच थेंब आणि अर्धी ट्यूब

मंडळी, दुपारपासून माझं डोकं तापलंय, म्हणून इथे येऊन ओकतेय.

वेलचेरीच्या आमच्या कॉलेजात आज बी.एस्सी.ची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. यंदा अभ्यासक्रमात 'हरित रसायनशास्त्र' आलंय. म्हणून वर्षभर मी मुलींना टेस्ट ट्यूब भरण्याऐवजी चार-पाच थेंबांत चाचण्या करायला शिकवलं.

बाहेरून आलेले परीक्षक म्हणे याच विषयावर व्याख्यानं देत फिरतात. त्यांनी माझ्या कविता नावाच्या विद्यार्थिनीची ट्यूब उजेडात धरली.

"काय हे मॅडम, एवढंसंच? अर्धी ट्यूब तरी भरायला नको?"

उत्तर बरोबर असूनही तिचे मार्क कापले. ते बघून बाकीच्या मुलींनी घाबरून ट्यूबा भरल्या आणि त्यांत हायड्रोजन सल्फाइड भसाभस सोडला. सडक्या अंड्यांचा वास प्रयोगशाळाभर कोंडला. मुली आत खोकतायत, आणि साहेब नाकाला रुमाल लावून "अय्यो, काय नाट्रम, काय ही दुर्गंधी!" करत व्हरांड्यात पळाले.

मग तोंडी परीक्षा तिथेच, फिल्टर कॉफी पीत. कविता चुरचुरणारे डोळे पुसत समोर उभी राहिली.

"हरित रसायनशास्त्राचं पहिलं तत्त्व सांग."

"कचरा मुळातच होऊ देऊ नये, सर."

"शाब्बास!" आणि पूर्ण मार्क. यांना तत्त्व फक्त ऐकायला आवडतं, केलेलं दिसलं की मार्क कापतात!

उद्या दुसरी बॅच आहे. त्या मुलींनी निघताना मला गाठलं, "मिस, पाच थेंब की अर्धी ट्यूब?"

तुम्ही काय सांगितलं असतं?