डॉक्टर काय म्हणाले होते

हे कुणापाशीच बोलले नाही मी. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही, आणि देवापुढे उभी राहिले तेव्हा तिथंही भलतंच काहीतरी मागून परत आले. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर आधी चेहरा सावरावा लागतो, आणि चेहरा सावरला की मी खोटं बोलते — ही माझी जुनी खोड आहे.

आमचा मळा नाशिकच्या वेशीवर. आता तिथं इमारती झाल्या, पण तेव्हा शेवंती, झेंडू, निशिगंध असं सगळं होतं. फुलं तोडायची आणि बाजारात न्यायची पुरुषांनी, हार-गजरे करायचे आम्ही बायकांनी, पडवीत बसून. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच चालायचं. मुलगे लहान असेपर्यंत आमच्यात लुडबुडायचे, आणि जरा मोठे झाले की आपोआप उठून बाहेर जायचे. माझा संदीप उठला नाही.

त्याच्या हाताचं काय सांगू? मी चाळीस वर्षं सुई धरली, पण त्याच्यासारखा हार मला कधी जमला नाही. लग्नाच्या मुंडावळ्या असल्या की गिऱ्हाईक मुद्दाम निरोप ठेवायचं, पोराकडून करून घ्या म्हणून. आणि ओवता ओवता तो बोलायचा. कोणत्या मास्तरांना वर्गात डुलकी लागली, कुणी कुणाच्या डब्यावर हात मारला, सगळं. माझ्याशी तेवढं मनापासून कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. मग मी असं का केलं? थांबा, सांगते. सरळ तिथं जायला अजून जीभ वळत नाही.

साल एक्क्याण्णव असेल. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी त्याला पाटावर बसवलं, तेल-उटणं लावायला. तर पठ्ठ्या बनियन काढेना. दरवर्षी काढायचा. मी हसत हसत ओढलं, तर आत दुसरं बनियन. तेही ओढलं — आणि तो रडायला लागला. छातीवर दोन्ही बाजूंनी फुगवटा होता, आत सुपारीएवढी गाठ लागत होती, बोट लागलं की कळवळत होता. तेरा वर्षांचं पोर. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तो पाठीला पोक काढून का चालतो आणि पोरांबरोबर कालव्यावर पोहायला जायचं त्यानं का सोडलं. शाळेत त्याला काय काय नावं ठेवत असतील, ते मी विचारलंच नाही.

थोरल्या जाऊबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. दोनच दिवसांनी पडवीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बायांत बसून बसून पोरगं बाईच व्हायला लागलंय. लुगडं आणा आता त्याला." सगळ्या हसल्या. मीही हसले. संदीप तिथंच होता, खाली मान घालून ओवत.

मी त्याला घेऊन देवळाली कॅम्पाला गेले. नाशकात दवाखाने नव्हते का? होते, पण तिथं कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं. कॅम्पात आम्हाला कोण ओळखतंय? डॉक्टर म्हातारे होते, फार सावकाश बोलायचे. त्यांनी त्याला नीट तपासलं, काही औषधं चालू आहेत का विचारलं, आणि मग त्याला बाहेर बसायला सांगितलं. तेव्हा तशीच रीत होती, मुलाचं आईला सांगायचं.

ते म्हणाले, हा आजार नाही. वयात येणाऱ्या खूप मुलांना होतं, फक्त कुणी सांगत नाही. बाईचं आणि पुरुषाचं, दोन्ही हार्मोन्स प्रत्येकाच्या अंगात असतात; या वयात काही काळ त्यांचा तोल इकडेतिकडे होतो. दाबू नका, चोळू नका, पट्टी बांधू नका. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. वाढतच गेलं किंवा सतरा-अठराव्या वर्षीही राहिलं तर या, छोटं ऑपरेशन करता येतं. आणि शेवटी म्हणाले — हे मला शब्दन् शब्द आठवतं — "बाई, पोराला समजावून सांगा. त्याचा काही दोष नाही, एवढं त्याला कळलं की अर्धं बरं झालं."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. कॅम्प मागं पडल्यावर त्यानं विचारलं, "आई, काय म्हणाले डॉक्टर?"

आणि मी सांगितलं — डॉक्टर म्हणाले, तू बायकांत बसून फुलांचं काम करतोस, त्यानं अंगात बाईचं हार्मोन वाढतं. ते सोडलंस तर जाईल. नाही सोडलंस तर वाढत जाईल.

हार्मोन हा शब्द मी डॉक्टरांचाच वापरला. त्यामुळे ते खरं वाटलं.

जाऊबाईंना दोष देणं सोपं आहे, आणि मनातल्या मनात कितीतरी वर्षं मी तेच केलं. पण बसमध्ये जाऊबाई नव्हत्या. मला त्याची लाज वाटायची. गाठीची नव्हे, त्याची. दोन पायांत फुलांचं सूप धरून बायकांच्या रांगेत बसणाऱ्या माझ्या मुलाची, गाठ येण्याच्या कितीतरी आधीपासून. त्याला तिथून उठवायचं मला धाडस होत नव्हतं, आणि डॉक्टरांच्या नावाचं आयतं निमित्त मिळालं. तो त्याच संध्याकाळी उठला. सुई त्यानं माझ्या सुपात ठेवली आणि बाहेर गेला.

दीड-एक वर्षात गाठी गेल्या. जाणारच होत्या. पण त्याला वाटलं, फुलं सोडली म्हणून गेल्या. मला पेढे आणून दिले त्यानं. घरात सगळे म्हणाले, आईनं वेळेवर ओळखलं. पुढे तो अंबडला कारखान्यात लागला, चांगलं कमावतो, शांत आहे. फार शांत. माझ्याजवळ बसून तो पुन्हा कधी बोलला नाही — बसायला कारणच उरलं नव्हतं. त्याच्या लग्नात मुंडावळ्या बाजारातून विकत आणल्या.

इथवरचं कदाचित तुम्ही समजून घ्याल. पण पुढं ऐका.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात लेकीचा मुलगा, ओंकार, वणीहून सुट्टीला आला. तेरा वर्षांचा. येऊन माझ्याजवळ गजरे करत बसायचा, नुसती गंमत म्हणून. त्यालाही तेच झालं होतं. संदीपच्या ते लगेच लक्षात आलं, दुसऱ्या कुणाच्या येणार? त्यानं ओंकारला जवळ घेतलं, इतक्या मायेनं की माझा जीव गलबलला. "घाबरू नको रे. मलाबी झालं होतं. हे फुलांचं काम सोड, बायांत बसू नको, लय लवकर जातं. डॉक्टरनी सांगितलं होतं."

ओंकारनं माझ्याकडे बघितलं. "खरं का, आजी?"

पंधरा वर्षं झाली होती. जाऊबाई वारल्या होत्या. हसणारं कुणी उरलं नव्हतं. मला कुणाची भीती होती? मी म्हटलं, "हो." पोर हातातला अर्धा गजरा ठेवून उठलं.

लेक घ्यायला आली, तेव्हा घरी नेण्याआधी तिनं त्याला नाशकातच डॉक्टरांना दाखवलं. नव्या डॉक्टरीणबाईंनी मुलालाच समोर बसवून सगळं सांगितलं. ओंकार जेवताना मोठ्या रुबाबात म्हणाला, "मामा, फुलांचा काय संबंध नाय. आपोआप जातं ते. तुझंबी आपोआपच गेलं असणार."

संदीपचा घास हातातच राहिला. मी चुलीकडे तोंड करून भाकरी उलटत होते, पण त्याची नजर पाठीला लागत होती. आता विचारेल, असं वाटलं. विचारावं, असंही वाटलं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं — असं मी आजही म्हणते, पण त्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका.

मग तो म्हणाला, "त्या वेळच्या डॉक्टरला काय कळत नव्हतं. आईला तरी काय माहीत असणार? तो बोलला ते तिनं सांगितलं." आणि ताट पुढं केलं.

मी त्यात भाकरी वाढली. एका भल्या माणसावर आळ गेला, तो मी जाऊ दिला. माझा मुलगा माझ्या बाजूनं बोलला, तेही मी घेतलं.

मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, सगळं.